चूल राज्याची का दिल्लीची

निंबखोरी गावाखालून पेट्रोलची मोठी नळी गेलेली. ती कुठंतरी पाझरली आणि ओढ्याकाठी असा वास सुटला, की चांगुणाबाईच्या आळीत भीतीनं आठवडाभर चूल पेटली नव्हती. लेकरं शेजारगावच्या भाकरीवर दिवस काढत होती.

शेवटी दोन साहेब आले, एक राज्याचे आणि एक दिल्लीचे. चांगुणाबाईच्या ओट्यावर बसून दोघांचा वाद रंगला.

"नळी चार राज्यांतून जाते. ती बंद करणं दिल्लीच्या हातात," राज्याचे साहेब म्हणाले.

"गाव तुमचं, माणसं तुमची. आधी तुमचा अहवाल येऊ द्या," दिल्लीचे म्हणाले.

हे गुऱ्हाळ काही आज संपत नाही, हे चांगुणाबाईनं ओळखलं. "तुमचं चालू द्या साहेब," ती म्हणाली. "पण दारी आलेलं माणूस चहाविना गेलं तर गाव मला नावं ठेवील." तिनं कोनाड्यातली रिकामी काडेपेटी उचलली आणि चुलीपुढं बसली.

दोघंही ताडकन उठले. एक चुलीपुढं आडवा उभा राहिला, दुसऱ्यानं काडेपेटी हिसकावली. "मावशी, अख्खी आळी जळेल ना."

"तेच तर आठवडाभर सांगतेय," चांगुणाबाई म्हणाली. "आत्ता कसे दोघं बरोबर उठलात. चूल राज्याची का दिल्लीची, हे एकानंही विचारलं नाही. तसेच त्या नळीसाठी उठा की."

दिल्लीच्यांनी फोन लावला, राज्याच्यांनी गाडी काढली, आणि दिवस मावळायच्या आत नळी बंद झाली. उरलासुरला वाद त्यांनी वाटेत घातला असेल, तर घालू दे बापडे.