चाकाची तीट

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा माणूस राहायचा. कष्टाळू, वेळेचा पक्का, बायकोमुलीत रमणारा. खोड एकच. त्याला कुणाचा भरवसा वाटायचा नाही. कुणी सहज "बरा आहेस ना?" म्हटलं, तरी याने हे का विचारलं असेल, या विचारात धाकूचा अर्धा दिवस जायचा.

पलीकडच्या वाडीला जायला खाजणाच्या दलदलीतून एकच वाट होती, हातभर रुंदीच्या मातीच्या बांधाची. सायकल न्यावी तर हँडल दोन्ही बाजूंच्या झुडपांत अडकायचं. म्हणून आरोग्य केंद्राने धाकूला विजेवर चालणारं एक चाक दिलं होतं. मधे चाक, दोन बाजूंना पाय ठेवायला फळ्या, आणि वर उभा धाकू. पाठीला लसींची थंड पेटी बांधून तो बांधावरून निघाला की गाव बघत राहायचं. धाकूला मात्र या कौतुकाचीच धास्ती होती. एवढे डोळे आपल्या चाकावर का?

रोज सकाळी तो लेकीच्या गालाला तीट लावायचा आणि बोटाला उरलेलं काजळ चाकालाही लावायचा. विजेच्या चाकाला तीट लावतो म्हणून लोक हसतील, हीसुद्धा भीती होतीच. म्हणून त्याने कुणाला दिसणार नाही अशी एक जागा शोधून ठेवली होती.

एका सोमवारी चाक चार्ज होईना. एरवी पिन खोचली की चार्जरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. आज तो हिरवाच राहिला. धाकूने पिन काढली, पुन्हा खोचली. भिंतीवरच्या त्याच बटणावर टेबल फॅन लावून पाहिला. फॅन गरगर फिरला, म्हणजे वीज होती. मग त्याने चार्जरची पिन उजेडात धरली, आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पिनेच्या टोकाला काळा, तेलकट डाग होता.

गावात काळे, तेलकट हात एकाच माणसाचे होते, शेजारच्या केशरकाकूंचे. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, काहीही बिघडलं की गाव त्यांच्याच ओट्यावर यायचं. परवाच काकूंचा भाचा आला होता आणि चाक बघून म्हणाला होता, "असं काम मिळालं तर मजाच की!" धाकूला सगळं लख्ख दिसलं. भाच्याला या कामावर चिकटवण्यासाठी काकूंनी चाकात काहीतरी केलं होतं!

त्याने चाक कपाटात घालून कुलूप लावलं. बायको म्हणाली, "अहो, काकूंना दाखवून तरी बघा."

"त्यांनाच? पुरतं मोडून ठेवतील."

दुपारी काकूंनी नेहमीसारखे गरम घावणे पाठवले. धाकूने त्यातला एक कोंबडीला घातला आणि तिच्याकडे टक लावून बसला. कोंबडीने खाल्ला आणि आणखी मागितला. तरी धाकूने घावण्यांना हात लावला नाही. संध्याकाळी लेक रांगत काकूंच्या ओट्याकडे निघाली, तर तिलाही त्याने उचलून आत आणलं. काकूंनी पुढे केलेले हात तसेच राहिले.

मंगळवारी सकाळी केंद्रातल्या सिस्टर आल्या. म्हणाल्या, "धाकूदादा, उद्या दहा वाजता पलीकडे अकरा बाळं लसीसाठी थांबणार आहेत. आजच्या आज चाक सुरू करा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. काम जाणार, चाक जाणार. आणि ते दुरुस्त करणारं माणूस गावात एकच.

त्याने चार्जरसकट चाक उचललं, काकूंच्या ओट्यावर आदळलं आणि चारचौघांदेखत म्हणाला, "काकू, तुम्ही केलंत ते तुम्हीच निस्तरा. भाच्यासाठी माझ्या पोटावर पाय देऊ नका."

ओट्यावर बसलेले दोघेतिघे काकूंकडे बघू लागले. काकूंचा चेहरा उतरला. पण त्या भांडल्या नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले, चार्जरला मीटर लावला आणि म्हणाल्या, "हा ठीक आहे." मग चाक बंद करून चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडलं आणि आत टॉर्चचा झोत टाकला. बराच वेळ पाहिलं. मग आतलं थोडं काळं त्यांनी काडीवर घेतलं आणि धाकूच्या नाकाखाली धरलं.

"कसला वास येतोय?"

धाकूने वास घेतला. "कापूर. आणि... तूप."

"माझ्या ग्रीसला कापराचा वास येत नाही, धाकू."

तेवढ्यात त्याची बायको लेकीला कडेवर घेऊन कुंपणाशी आली. लेकीच्या गालावर सकाळची तीट होती, गोल, काळी, तेलकट. धाकूने उजव्या हाताचं बोट पाहिलं. नखात घरी धरलेलं, कापूर-तुपाचं काजळ होतं. रोज एक बोट, असं सहा महिने त्याने त्या झाकणाखाली लावलं होतं. त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

काकूंनी स्पिरिट आणि ब्रशने थर काढला, सगळं नीट वाळू दिलं, मग पिन खोचली. दिवा लाल झाला. "घेऊन जा," एवढंच त्या म्हणाल्या.

बुधवारी अकराच्या अकरा बाळांना लस मिळाली. परत येताच धाकूने काकूंची घावण्यांची ताटली धुतली, लेकीला घेतलं आणि तो त्यांच्या ओट्यावर गेला. "काकू, चुकलो," म्हणत त्याने लेकीला पुढे केलं.

काकू उठल्या. मोरीवर गेल्या. साबणाने दोनदा हात धुतले, पदराला पुसले आणि दोन्ही तळवे धाकूसमोर उघडे धरले.

"आधी बघून घे," त्या म्हणाल्या, "मग दे."

धाकूला मान वर करवली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हातांवर संशय घेण्याआधी आपलं बोट उजेडात धरून पाहावं. यंत्रातला मळ घटकाभरात निघतो, पण चारचौघांत बोलून दाखवलेला संशय पुसायला फार दिवस लागतात.