न चाखलेला घास

बलाढ्य भैरवगडचा राजा शेजारच्या चिमुकल्या सोनखिंडीवर भलताच मेहेरबान झाला. सोनखिंडीच्या वकिलाला, विसाजीपंतांना, त्याने जेवायलाच बोलावलं.

"सैन्य मोडा, खिंडीचे दरवाजे काढून टाका. तुमचं रक्षण आम्ही करू. शेजाऱ्यावर एवढाही विश्वास नाही?"

नाही म्हणावं तर लढाई अटळ! पंत पेचात पडले.

तेवढ्यात ताटं आली. राजाच्या ताटातलं सगळं आधी एका सेवकाने चाखलं. तो धडधाकट आहे असं बघून मगच राजाने भात कालवला.

पंतांची कळी खुलली. "काढतो की, महाराज! आपण आपल्याच आचाऱ्याच्या हातचं न चाखवता जेवायला लागलात, की लगेच कळवा."

राजाचा घास हातातच राहिला. दरवाजेही जागेवरच राहिले.