मागून आणलेला विस्तव

फार वर्षांपूर्वी, करंजवेळ गावात काडेपेटी पोचली नव्हती तेव्हा, विस्तव ही शेजारी मागायची वस्तू होती. खाडीकाठच्या त्या गावात रात्री प्रत्येक घरी निखाऱ्यांवर राख ओढून ठेवीत आणि सकाळी राख सारून चूल फुंकीत. ज्या घरचा विस्तव विझला असेल, त्या घरची बाई फुटक्या मडक्याचे खापर घेऊन शेजारच्या अंगणात उभी राही. तोंडाने काही बोलावे लागत नसे. खापर दिसले की निखारा मिळे. चकमक साऱ्या गावात एकच होती, आणि ती गावप्रमुख गावकरांच्या घरी होती.

त्या गावात ठकूआई नावाची सुईण होती. तिचे माहेर कुठले, ती किती वर्षे जगली, हे आज खात्रीने सांगता येत नाही. तिच्या हातांना मात्र ऐन पौषातही ऊब असे, आणि तिने हातात घेतलेले मूल रडता रडता थांबे, असे म्हणतात. गावाची एक रीत होती. बाळंतिणीच्या खोलीत जी शेगडी पेटवायची, तिचा विस्तव सुईणीच्या चुलीतून यायचा. ज्या हातांनी मुलाला जगात घेतले, त्या हातांच्या घरची ऊब त्याला आधी मिळावी, असा त्यामागचा भाव होता.

एका वर्षी गावाचे प्रमुख दादजी गावकर यांनी आपल्या विधुर भावासाठी जानकीच्या मुलीला मागणी घातली. जानकी विधवा होती. तिचे घर गावाच्या खालच्या टोकाला, खाडीच्या बांधालगत होते. मुलीचे नाव सुभी. ती तेव्हा परकर सावरत खेकडे पकडायला जाण्याच्या वयाची होती, आणि गावकरांच्या भावाच्या मिशा पिकल्या होत्या. जानकीने नकार दिला. गावकरांच्या घराला नकार देण्याची ती पहिलीच वेळ होती.

देवळात गाव जमला. जानकीला वाळीत टाकले गेले. तिला कोणी पाणी देऊ नये, मीठ देऊ नये, विस्तव देऊ नये, तिच्याशी कोणी बोलू नये, असे ठरले. देणाऱ्याचीही तीच गत होईल, हेही सांगण्यात आले.

"किती दिवस?" कोणीतरी विचारले.

"आषाढ लागू दे," दादजी म्हणाले. "एकदा चूल विझली की येईल पदर पसरून. मग मुलगीही देईल."

अशा रीतीने एका मुलीचे आयुष्य एका चुलीवर येऊन ठेपले. जानकी आणि सुभी पाळीपाळीने झोपू लागल्या. एकीचा डोळा लागला की दुसरी चुलीपाशी बसे. गावातले लोक सकाळी उठले की आधी खालच्या टोकाकडे पाहत. छपरातून धूर निघताना दिसला की आपापल्या कामाला लागत. काहींना तो दिसल्याने बरे वाटत असावे. पण तसे कोणी बोलून दाखवीत नसे.

आषाढ लागला. पाऊस असा लागला की खाडी आणि आभाळ वेगळे ओळखू येईना. एका सकाळी ठकूआईने कळशीभर पाणी घेतले आणि आपल्या धगधगत्या चुलीत ओतले. मग खापर घेऊन ती रस्त्याला लागली. तिचे घर वरच्या टोकाला होते, त्यामुळे तिला सारा गाव ओलांडावा लागला.

"काय गो ठकूआई, विस्तव गेला?" पहिल्याच दारातून हाक आली. "ये, घेऊन जा."

"इथला नको."

"आमच्या विस्तवाला काय झालं?"

"काही नाही झालं. तुमचा तुम्हाला पुरतोय."

पुढच्या दारातही हेच झाले, आणि त्यापुढच्याही. शेवटी ठकूआई जानकीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बोलायला बंदी होती, म्हणून ती बोलली नाही. तिने फक्त खापर पुढे धरले.

जानकी दारात आली. वाळीत पडल्यापासून तिच्या अंगणात कोणी आले नव्हते. मागायला तर कोणी येईल असे तिच्या मनातही नव्हते. तिने खापर पाहिले. मग आत तोंड करून मुलीला म्हणाली, "सुभे, दारात माणूस आलंय. रिकामं पाठवू नको."

दादजींनी ठकूआईला बोलावून घेतले. त्यांच्या पडवीत माणसे जमली.

"तू तिच्याशी बोललीस?"

"नाही."

"मग तिला काय दिलंस?"

"मी कुठली देणार? मी घेऊन आले."

"वाळीत टाकलेल्या घरातून?"

"देऊ नये असं ठरलं होतं दादजी. घेऊ नये असं कोणी म्हणालं नव्हतं. आता म्हणायचं असेल तर पुन्हा गाव बोलवा."

पडवीतली माणसे हसली. दादजीही हसले. वाळीत पडलेल्याकडे कोणी मागायला जाईल, हे ठरवताना कोणालाच सुचले नव्हते, आणि ते महत्त्वाचे आहे असे अजूनही कोणाला वाटले नाही. "म्हातारीला चळ लागलाय," दादजी म्हणाले, "जाऊ दे तिला."

त्यानंतर ठकूआई रोज सकाळी आपली चूल विझवी आणि रोज खालच्या टोकाला जाई. हळूहळू गावातल्या बायकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जानकीची चूल विझली तर ठकूआईची पेटणार नाही, आणि ठकूआईची पेटली नाही तर गावात जन्मणाऱ्या मुलाला ऊब मिळणार नाही. घरोघरी गरोदर लेकीसुना होत्या. खालच्या टोकाचा धूर त्या आता वेगळ्या काळजीने पाहू लागल्या. मग बांधावरून जाताना कोणाची मोळी नेमकी जानकीच्या कुंपणापाशी सैल होई आणि चार कोरडी लाकडे खाली पडत. कोणाच्या पाटीतून जळणाच्या शेणी घसरत. लाकडे आपल्या पायांनी चालत जानकीच्या घरी जात, असे म्हणतात. ती पडलेली कोणी पाहिली नव्हती, एवढे मात्र सगळेच शपथेवर सांगत.

श्रावणाच्या तोंडावर मोठे वादळ आले. गावात झाडे पडली, कौले उडाली, आणि त्याच दिवशी दादजींची लेक यमू हिला कळा सुरू झाल्या. यमू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या अंगावरचे लहानपण अजून पुरते गेले नव्हते. ठकूआई आली, आणि यमूच्या उशाशी बसल्यावर पुन्हा उठली नाही. दुपारी मूल झाले. मुलगी होती. ती निळी पडली होती, गार होती आणि रडत नव्हती. ठकूआईने तिला आपल्या छातीशी धरून चोळायला घेतले.

"शेगडी पेटवा," ती म्हणाली.

दादजींनी स्वतःच्या चुलीतला विस्तव शेगडीत घातला. तो विझला. पुन्हा घातला, पुन्हा विझला. चकमक झाडली, तर तिच्यातून ठिणगी पडेना. गावकरांच्या घरातला अग्नी त्या दिवशी गावकरांचे ऐकत नव्हता, असे म्हणतात. वादळाने सारे सर्दावले होते, असेही सांगतात. दोन्ही सांगणारे पुढची गोष्ट मात्र सारखीच सांगतात.

"सुईणीच्या चुलीतला विस्तव लागतो," दादजींची बायको आवडाबाई म्हणाली. "ठकूआई, तुझ्या घरी माणूस पाठवू?"

"माझी चूल आज पेटलीच नाही. तुमच्याकडचं बोलावणं आलं, तशी खाली जायची राहिले. माझा विस्तव जानकीकडे आहे." ठकूआईने दादजींकडे पाहिले. "आणायचा का, ते तुम्ही सांगा. मी पोरीला खाली ठेवत नाही."

दादजींनी पुन्हा चकमक हाती घेतली. तेव्हा अंथरुणातून यमू बोलली.

"बाबा, मला दिलीत तेव्हा मी सुभीएवढीच होते. मला कोणी विचारलं नाही. आता ही माझी आहे. तिच्यासाठी मी सांगते, विस्तव आणा."

आवडाबाई तशीच धावत निघाली. तिने आयुष्यात कोणाच्या दारी काही मागितले नव्हते, म्हणून विस्तव मागायला जाताना खापर न्यावे लागते हे तिला माहीत असूनही आठवले नाही. ती जानकीच्या अंगणात भिजत उभी राहिली. हात रिकामे होते.

"कोणाचं झालं?" जानकीने विचारले.

"यमूचं. गार पडलीय गं पोर."

जानकी खापर शोधत बसली नाही. सुभीने ओंजळीत राख घेतली, जानकीने त्या राखेवर निखारे ठेवले, आणि ती मुलगी पावसात चालू लागली. सारा गाव दारात आला. ओंजळीवर पाऊस पडत होता, पण ओंजळीत पडत नव्हता, असे म्हणतात. पावलागणिक निखारे अधिकच लाल होत गेले, आणि जिथून सुभी गेली तिथली वाट काही वेळ कोरडी राहिली, असेही म्हणतात. कोणी तिला अडवले नाही. ज्या घरात तिला सून म्हणून ओढून नेणार होते, त्या घरात ती विस्तव देणारी होऊन गेली. शेगडी पेटली. ठकूआईने मुलीला उबेत धरले. थोड्या वेळाने मुलगी रडली, आणि मग इतकी रडली की बाहेर उभ्या असलेल्या बायका हसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादजी स्वतः खापर घेऊन खालच्या टोकाला गेले. अंगणात गप्प उभे राहिले.

"बोला," जानकी म्हणाली. "ठकूआईला बोलायची बंदी होती. तुम्हाला कोणाची आहे?"

दादजींनी मागे वळून पाहिले. गाव पाहत होता. "विस्तव दे, जानकी," ते म्हणाले. गावाने घातलेली बंदी तिथे, त्या क्षणी संपली. ती उठवायला पुन्हा कोणी देवळात जमले नाही.

"आणि लग्नाचं?" जानकीने विचारले.

"तुझ्या मुलीला विचार."

"तुम्ही विचारा."

दादजींनी विचारले. सुभी म्हणाली, "मला नको." दादजी म्हणाले, "बरं." करंजवेळीत एखाद्या मुलीला तिच्या लग्नाबद्दल विचारल्याची ती पहिली आठवण आहे. सुभी पुढे ठकूआईच्या हाताखाली शिकून सुईण झाली.

ठकूआई गेली तीही पुढे एका श्रावणातच. तिचा देह थंड पडला, तरी तळवे शेवटपर्यंत उबदार होते, असे म्हणतात. तिचे देऊळ नाही, समाधीही नाही. परंतु श्रावणातला एक दिवस आजही तिच्या नावाने पाळला जातो. त्या सकाळी करंजवेळीत कोणी गॅस पेटवीत नाही; मागायला येणाऱ्यासाठी देवापुढचा दिवा तेवढा तेवत ठेवतात. प्रत्येक घरातले एक माणूस न पेटवलेला दिवा घेऊन निघते आणि ज्या घराशी वर्षभरात बोलणे तुटले असेल, त्या घराच्या अंगणात जाऊन उभे राहते. तिथून पेटवून आणलेल्या दिव्यावर मग चूल लागते. त्या दिवशी गावात चहाला उशीर होतो. गावात कोणाला वाळीत टाकल्याचे त्यानंतर ऐकिवात नाही. भांडणे होतात, अबोलेही धरले जातात. ते श्रावणापलीकडे सहसा टिकत नाहीत.

अलीकडे एका वर्षी गावातला एक तरुण जातीबाहेरच्या मुलीशी लग्न करून तिला घरी घेऊन आला. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी त्यांच्याकडे जाणे-येणे थांबवले होते. ठकूआईच्या दिवशी सकाळी त्या नव्या सुनेने दार उघडले, तर अंगणात माणसे उभी होती. कोणी बोलत नव्हते. तिला ही रीत ठाऊक नव्हती. ती घाबरली आणि दाराची कडी धरून उभी राहिली. सर्वांत पुढे नवऱ्याची चुलत आजी होती, जिने लग्नापासून त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

"काय हवंय, आजी?" सुनेने विचारले.

म्हातारीने हातातला दिवा पुढे केला.

"विस्तव दे, पोरी," ती म्हणाली. "घरी चूल पेटायचीय."