पिंपळाच्या अंगावरचं ब्रीदवाक्य

फार पूर्वी एका रानाचा राजा होता गेंडा. त्याने राज्याचं ब्रीदवाक्य ठरवलं, ‘झाड जगलं तर रान जगेल.’ ते कोरायला बोलावलं टकाजी सुतारपक्ष्याला. चारी दिशांनी वाचता यावं म्हणून टकाजीने सर्वांत जुन्या पिंपळाची साल बुंध्याभोवती सोलली आणि अक्षरांचं अख्खं कडं कोरलं.

चैत्र सरला, तरी पिंपळाला पालवी फुटेना.

खारूताई म्हणाली, "टकाजीभाऊ, सगळीकडून सोललेलं झाड जगतं होय?"

टकाजी तडक राजाकडे गेला. "महाराज, पिंपळ मेला. माझ्याच चोचीने मेला."

गेंड्याने पिंपळाकडे निवांत पाहिलं. "पानं गेल्यापासून अक्षरं लांबूनही दिसतात रे. उद्या शेजारचं झाड घे."