पिंपातला सासरा

“या पिंपातून माझ्या सासऱ्याची द्राक्षं बाहेर काढ!” राजा ऑदेमार गरजला.

तळघराचा कारभारी बर्नार गांगरलाच. पिंपात आता द्राक्षं कुठली? होती ती लालभडक वाइन, तीही चांगली मुरलेली!

दक्षिण फ्रान्सच्या त्या मुलखात एकाच जातीच्या द्राक्षावर कुणाचं भागत नसे. राजाच्या टेकडीवरचं ग्रनाश गोडीला, नदीकाठचं सिरा वासाला आणि राणीच्या माहेरचं कारिन्याँ रंगाला. लेक दिली की दर हंगामात तिच्या बापाने गाडीभर द्राक्षं जावयाच्या हौदात ओतायची, अशी तिथली रीतच होती. मग सगळी एकत्र तुडवायची आणि एकत्रच मुरवायची.

पण परवाच्या मेजवानीत सासरेबुवा पेला उंचावून बोलून गेले, “जावईबापू, तुमच्या वाइनला रंग आहे तो आमच्यामुळे हो!” झालं! राजाला मिरच्या झोंबल्या. आपल्याकडे जावई दशमग्रह, त्या मुलखात सासरा!

“उद्या दरबारात कारिन्याँ वेगळं आणि बाकीची वाइन वेगळी दिसली पाहिजे,” राजाने बजावलं. “नाहीतर किल्ल्या ठेव आणि बिऱ्हाड उचल!”

बर्नार घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. “पोरी, बांधाबांध कर. दुधात विरघळलेली साखर कुणी परत काढलीय का?”

“बांधाबांध कशाला, बाबा?” त्याची लेक फ्लोरीन म्हणाली. “उद्या मी येते. तुम्ही फक्त गप्प उभे राहा. तेवढं जमेल ना?”

दुसऱ्या दिवशी फ्लोरीन दरबारात हजर! काखेत चाळण, हातात दोन रिकामे चंबू.

“करतेस वेगळं?” राजाने मिशीवर ताव दिला.

“करते की, महाराज! पण असलं काम कधी केलेलं नाही. आधी आपण एकदा करून दाखवा, म्हणजे माझा हात बसेल.”

“मी? कशावर?”

“या काय, आपल्या मांडीवर बसल्यात! आमच्या धाकट्या राजकन्या. यांच्यातला सासरेबुवांचा भाग तेवढा वेगळा करा.”

राजाने लेकीकडे पाहिलं. “हे डोळे तर माझेच आहेत!”

“अहो, काहीतरीच! बाबांचे आहेत ते,” राणी म्हणाली.

“बरं, मग हनुवटी माझी!”

“तीही बाबांचीच.”

“आणि हे नाक...” राजा अडखळला. ते पोपटाच्या चोचीसारखं नाक कुणाचं, हे सगळा दरबार ओळखून होता. पोरीने खिदळत बापाची मिशी ओढली.

“हा हट्ट मात्र माझा!” राजा कळवळून ओरडला.

“तो दोन्हीकडचा!” राणी म्हणाली.

फ्लोरीनने चाळण पुढे धरली. “घाला यात, महाराज! खाली गळेल ते आजोबांचं, वर राहील ती तुमची लाडकी. ती लाडकी राहते का तेवढं बघा, मग मी लगेच पिंपाला हात घालते!”

राजाने लेकीला छातीशी घट्ट धरलं. “खबरदार! हिच्यातला केससुद्धा कमी होता कामा नये!” आणि बोलता बोलता आपण काय बोललो ते कळून तो असा खदखदून हसला, की मुकुट घरंगळत पायरीखाली गेला.

किल्ल्या बर्नारकडेच राहिल्या. फ्लोरीनला नदीकाठचा सिराचा अख्खा मळा बक्षीस मिळाला. आणि राजाने त्याच पिंपातला पहिला चंबू स्वतःच्या हाताने भरून सासऱ्याकडे धाडला.