छप्पर नसलेला डान्सहॉल

हसू नका पाव्हण्यांनो, हाच आमचा डान्सहॉल. छप्पर नाही, भिंत नाही, एरवी इथं मासळी वाळत पडते, हेही खरं. पण नाव हेच. ते कसं पडलं ते सांगतो, बसा.

फार मागची गोष्ट. आमच्या वाडीतला झिलू तांडेल थोरल्या बहिणीला, द्वारकाक्काला, न सांगता परदेशी बोटीवर खलाशी म्हणून गेला. आईच्या मागं तिनंच त्याला वाढवलेलं. पुढं जमैका बेटाजवळ बोट वादळात सापडली, तेव्हा तो जाखमातेला नवस बोलला म्हणे, "घरी पोचव, अख्खी वाडी नाचवीन. एक जरी माणूस बसून राहिलं, तर जन्मात वल्ह्याला हात लावणार नाही."

चार वर्षांनी परतला तो भलामोठा कर्णा, माईक, तबकडी वाजवायचं यंत्र आणि एक तबकडी घेऊन. म्हणाला, "तिकडं रेगे वाजवतात, त्यातला हा खास नाचायचा प्रकार. ज्या हॉलात नाचतात, त्याचंच नाव गाण्याला. डान्सहॉल!" मग काय विचारता! म्हातारेकोतारेसुद्धा या खळ्यावर उतरले. एकटी आक्का पाठ फिरवून बसली.

झिलूच्या तोंडचं पाणी पळालं. वल्हं सुटलं तर तांडेलानं खायचं काय? तबकडीच्या मागच्या बाजूला गाणं नसतं, नुसता ताल. त्यावर तिकडं एकजण माईक धरून बोलतो. यानंही धरला. "आक्का, चुकलो गं. तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून चोरासारखा गेलो. चार वर्षं तू माझं ताट मांडत होतीस, हे मला आज कळलं."

आक्का वळली. "पहिल्यापासून सांग!"

झिलूनं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला टेकवली. असं तिनं सात वेळा करायला लावलं, असं सांगतात. सातव्यांदा रडत-हसत उठली आणि अशी नाचली, की बोंबील वाळत टांगलेली वलांडी खाली आली. नवस फिटला. खळ्याला गाण्याचं नाव चिकटलं.

आजही हळदीला पहिलं गाणं वाजलं, की ज्याचं चुकलं त्यानं इथं माईक धरायचा आणि ज्याचं मन दुखलं त्यानं "पहिल्यापासून!" ओरडायचं. सात वेळा ऐकल्याशिवाय उठलेलं कुणी मला तरी आठवत नाही.

आज दुपारी पुतणीची हळद आहे, थांबा तुम्हीपण. आमच्या हिच्या माहेरची पितळी घागर मी परस्पर मोडीत घातली, आठ दिवस अबोला आहे. माईकवर आज मीच. आणि ही सकाळपासून परसात घसा साफ करतेय.