शब्द कोणत्या भावाचा?

फार पूर्वी जंगलाच्या काठाला एक म्हातारी राहायची. तिला दोन मुलगे आणि पोटापुरतं जोंधळ्याचं शेत. जंगलात रानडुकरं. एकदा कळप शिरला की वर्षाची भाकर गेलीच म्हणा.

घरची रीत अशी, की दर पाडव्याला कारभार एका भावाकडून दुसऱ्याकडे जायचा. रीत चांगली होती हो, डोकी वाकडी होती!

थोरल्याच्या वर्षी त्यानं शेताभोवती काट्यांची वई, म्हणजे कुंपण घातलं. ओढ्यापलीकडच्या धनगराला शब्द दिला, "तुझी कुत्री डुकरं हाकलू देत. सुगी झाली की तुझी मेंढरं आमच्या रानात चरतील." कुत्री वर्षभर राबली.

पाडवा झाला. धाकट्यानं वई उपटून चुलीत घातली आणि तिच्या जागी चर खणायला घेतला. मेंढरं आली, ती बांधावरूनच परतवून लावली.

"शब्द दादाचा होता. मी कुठं दिला?"

थोरलाही काही कमी नाही. कुदळीला बोट लावलं नाही त्यानं. चर राहिला अर्धा.

जोंधळा हुरड्याला आला आणि दिवस मावळता डुकरं घुसली. दोघं भाऊ ओढ्याकाठी धावले. "पाव्हणं, कुत्री सोडा!"

धनगर जागचा हलला नाही. "बोलावणं कोणत्या भावाचं? पाडव्यानंतर ओळख राहील का?"

अर्धं शेत गेलं. तरी यांचं चालूच. "वई असती तर!" "चर पुरा केला असतास तर!"

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अरे मुडद्यांनो, डुकरांनी विचारलं का, यंदा कारभारी कोण म्हणून? भाजीच्या मिठावरून भांडा, खुशाल भांडा! पण बांधावर एकानं लावलेलं दुसऱ्यानं राखायचं. जमत नसेल तर कारभार माझ्याकडे द्या."

सुगी होताच धाकटा स्वतः ओढा ओलांडून गेला. "दादाचा शब्द राहिला होता. मेंढरं घेऊन या, दोन्ही वर्षांचं चरू देत."

पाडव्याला कारभार थोरल्याकडे आला. सगळ्यांना वाटलं, आता चर बुजवणार. त्यानं कुदळ उचलली नि धाकट्याचा चर पुरा केला.

धनगर पलीकडून बघत होता. त्या वर्षी कुणी न बोलावताच त्यानं कुत्री सोडली. डुकरं चरापाशी आली, भुंकणं ऐकलं नि माघारी पळाली. मेंढरांच्या लेंड्यांनी रान असं पिकलं, की कणगी भरून जोंधळा उरला आणि म्हातारीला शेजारणीची कणगी मागून आणावी लागली.

तात्पर्य काय, तर राज्य असो की शेत, कारभारी खुशाल बदलावा. पण राखणीचा शब्द त्याच्याबरोबर बदलला, तर वैरी यायच्या आधी सोबती निघून जातो.